जुन्या गाडीचा टॅक्स भरायला काऊंटी ऑफिसात गेले त्याचा रिव्ह्यू, साडेतीन स्टार

आधी सांगते की हा रिव्ह्यू गाडीचा नाही. गाडी २०१४ची कोरोला आहे, तिला काय रिव्ह्यू द्यायचा, ती चालते. हा डॅलसच्या बाजूच्या एका काऊंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) टॅक्स ऑफिसचा आहे, जिथे मी टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, नावावर करून सेल्स टॅक्स भरायला गेले होते. कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, कारण खिडकीतल्या बाई खरंच चांगल्या होत्या आणि बाकीच्या तक्रारी त्यांच्यामुळे नाहीत.

झालं असं की आमचा दादा, म्हणजे सख्खा नाही, इथे आल्यापासून मी ज्याला राखी बांधते तो, बायकोपोरांसकट कायमचा नाशिकला परत चाललाय. घर आवरायला काढलं तेव्हा म्हणाला गाडी तू घे, साडेपाच हजारात, डीलर याहून कमी देतोय आणि बाहेरच्याला विकायची तर दहा लोकं येऊन टायरला लाथा मारून जाणार. मी खूश. हिशोब केला, टेक्सासमध्ये गाडीवर ६.२५ टक्के टॅक्स (दुकानात आपण ८.२५ देतो त्यात २ टक्के गावाचे वगैरे असतात, ते गाडीला लागत नाहीत), म्हणजे ३४३ डॉलर ७५ सेंट. तेवढे बाजूला काढून ठेवले आणि निवांत झोपले.

खिडकीवर आकडा आला ४५५.

मला वाटलं बाईंनी चुकीचं टाईप केलं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवला. तर इथे भानगड अशी आहे की डीलरकडून न घेता कुणा माणसाकडून जुनी गाडी घेतली की टॅक्स नुसता तुम्ही दिलेल्या पैशावर नसतो. राज्याकडे प्रत्येक गाडीची स्वतःची एक किंमत असते, स्टँडर्ड प्रिझम्टिव्ह व्हॅल्यू, सगळे एसपीव्ही म्हणतात. त्या किमतीचे ८० टक्के काढायचे आणि ते, किंवा तुम्ही दिलेले पैसे, यातलं जे जास्त त्यावर ६.२५ टक्के. माझ्या कोरोलाची एसपीव्ही निघाली ९१००, त्याचे ८० टक्के ७२८०, त्यावर टॅक्स ४५५. दादाने मला स्वस्तात दिली हा दादाचा चांगुलपणा, राज्याचं त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

ज्यांनी पुण्यामुंबईत फ्लॅट घेतलाय त्यांना हे एका शब्दात कळेल. रेडी रेकनर. करारात काहीही रक्कम लिहा, स्टॅम्प ड्युटी रेकनर आणि करार यातल्या जास्त रकमेवर. एसपीव्ही म्हणजे गाड्यांचा रेडी रेकनर. आणि कारणही तेच, लोक कागदावर एक डॉलर, शंभर डॉलर लिहून चांगली धडधाकट गाडी नावावर करून घ्यायचे, म्हणून २००६च्या ऑक्टोबरपासून हे सुरू केलं. म्हणजे आपल्याकडचे जुगाड हे आपल्याकडचेच असतात असं नाही.

यात माझी चूक ही की हा आकडा आधी बघता येतो. टेक्सास डीएमव्हीच्या (राज्याचं गाड्यांचं खातं) साईटवर गाडीचा व्हीआयएन (चेसिस नंबर) आणि ओडोमीटरचा आकडा टाकला की एसपीव्ही तिथल्या तिथे दिसते, फुकट, लॉगिन नाही काही नाही. दोन मिनिटांचं काम, मी केलं नाही. दिवाळीत फराळ कुणाकडून मागवायचा यावर मी तीन दिवस घालवले होते पण हे नाही केलं.

आता मजा ऐका. ४५५ ऐकून दादाला वाईट वाटलं (तो बरोबर होता, विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकत्र ऑफिसात जावं असं डीएमव्हीच सांगते आणि ते किती शहाणपणाचं आहे ते पुढे येतंच). त्याने कुठेतरी ऐकलं होतं की गाडी गिफ्ट दिली तर फक्त १० डॉलर टॅक्स. ते खरंच आहे. तर हा एकदम पुढे होऊन बाईंना म्हणाला, शी इज माय सिस्टर. बाईंनी चष्मा नाकावर घेतला आणि विचारलं, सेम मदर? दादा गप्प. सेम फादर? दादा अजून गप्प. मग बाई म्हणाल्या, आणि हिने तुला पैसे दिलेत का हनी? हा राजा हरिश्चंद्र म्हणाला, येस मॅम, फाईव्ह थाऊजंड फाईव्ह हंड्रेड. बाई इतक्या हसल्या की शेजारच्या खिडकीतला माणूस वाकून बघायला लागला.

तर गिफ्टचं म्हणजे नवराबायको, आईवडील, मुलं, आजीआजोबा, नातवंडं, भावंडं, अशी यादी आहे, त्यात मावसभाऊ आतेभाऊ नाहीत, मित्र नाहीत, राखीचा भाऊ तर नाहीच. आणि एक पैसाही घेतला असेल तर ते गिफ्टच नाही. त्याला दोघांच्या सहीचं ॲफिडेव्हिट लागतं आणि त्यात खोटं लिहिलं तर तो गुन्हा आहे, त्यामुळे व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी "अरे गिफ्ट दाखवून टाक ना" म्हणालं तर त्याला सांगा तूच सही कर. इथे व्हिसावर बसलेल्या माणसाने चारशे डॉलरसाठी असले उद्योग करू नयेत, माझं मत.

दुसरा घोळ तारखेचा. १३०-यू नावाचा फॉर्म असतो, टायटल आणि रजिस्ट्रेशनचा एकच, त्यावर विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची दोघांची सही लागते. आमचा व्यवहार शुक्रवारी ७ नोव्हेंबरला झाला. टायटलच्या मागच्या बाजूला मी समोर बसून त्याच्याकडून नीट लिहून घेतलं, ११/०७ (इथे आधी महिना लिहितात). पण फॉर्मवर मी चहा करायला उठले तेवढ्यात त्याने सही ठोकून खाली तारीख घातली ७/११. बारा वर्षं अमेरिकेत आणि हात अजून नाशिकचाच. खिडकीवर बाई थांबल्या, म्हणाल्या इथे ११ जुलै दिसतंय. जुलै धरला असता तर टॅक्स भरायची ३० दिवसांची मुदत कधीच संपलेली, टॅक्सवर १० टक्के पेनल्टी, टायटल उशिरा केल्याची वर वेगळी. दादा शेजारीच उभा होता म्हणून नवीन फॉर्म घेऊन तिथेच भरला, नाहीतर परत घर, परत सही, परत रांग. त्याचं विमान सुटून गेलं असतं तर मग तर बोलायलाच नको.

रांगेबद्दल. सोमवारी १० तारखेला गेलो, दुसऱ्या दिवशी व्हेटरन्स डेची सुट्टी म्हणून सगळं गाव तिथेच. टोकन घेऊन एक तास चाळीस मिनिटं, बसायला खुर्च्या पुरेशा नाहीत, पाण्याचा नळ बंद, स्क्रीनवर नंबर दिसतो पण पुकारतात ते ऐकू येत नाही. याचा एक स्टार कापला. अर्धा स्टार कापला तो कार्डाने पैसे भरले तर वरून फी लावतात आणि त्याची पाटी खिडकीच्या आत आहे, रांगेत दिसत नाही. चेकबुक घेऊन जा.

नव्याने आलेल्यांची एक गफलत नेहमी होते. लायसन्ससाठी डीपीएस (राज्याचं पब्लिक सेफ्टी खातं), गाडीच्या टायटलसाठी काऊंटी टॅक्स ऑफिस. दोन वेगळी ऑफिसं. किराण्याच्या काही दुकानांत रजिस्ट्रेशनचं स्टिकर रिन्यू करून मिळतं पण टायटल तिथे होत नाही, माझी शेजारीण टायटल घेऊन तिथे गेली होती आणि कोथिंबीर घेऊन परत आली. सेफ्टी इन्स्पेक्शन १ जानेवारी २०२५पासून साध्या गाड्यांना बंद झालंय पण आमच्या डॅलस भागात एमिशन टेस्ट (आपल्या पीयूसीसारखी) अजून लागते, ती करून जा.

आणि ४५५ मान्य नसतील तर एक वाट आहे, जी मला तिथे कुणी सांगितली नाही, घरी येऊन वाचल्यावर कळली. परवाना असलेल्या डीलरकडून किंवा इन्शुरन्स ॲडजस्टरकडून गाडीचं सर्टिफाईड अप्रेझल (किमतीचा दाखला) करून आणायचं, खरेदीपासून २० कामाच्या दिवसांत, मग एसपीव्हीऐवजी तो आकडा धरतात. गाडी ठोकलेली असेल, इंजिन गेलेलं असेल तर जरूर करा. माझा फरक १११ डॉलर २५ सेंटचा, दोन डीलरना फोन केला तर दोघांची फीच त्याच्या वर. मग काय, राहू दे म्हटलं.

डीलरकडून घ्यायची असती तर हे एसपीव्हीचं लचांड नसतं हे पण सांगायला हवं. तिथे बिलाच्या रकमेवर ६.२५, आणि तुमची जुनी गाडी त्यालाच दिली तर तिची किंमत वजा करून उरलेल्यावर. नवऱ्याची गाडी घेतली तेव्हा तसंच झालं. पण तिथे बिलात डॉक फी (कागदपत्रांची फी) असते आणि "इन्व्हेंटरी टॅक्स" अशी एक ओळ असते जो खरं तर डीलरचा स्वतःचा प्रॉपर्टी टॅक्स आहे, तो आपल्या गळ्यात घालतो. विचारलं तर म्हणाला सगळेच घेतात.

माझ्या सासऱ्यांना फोनवर सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जुनी गाडी घेतली तर फॉर्म २९, ३० भरा, आरटीओची फी भरा, रोड टॅक्स पहिल्या मालकाने एकदाच भरलेला असतो. इथे दादाने घेताना टॅक्स भरला, त्याच्या आधीच्याने भरला, आता मी भरला. एकच कोरोला, तीन वेळा टॅक्स. सासरे म्हणाले, मग उद्या तू विकलीस तर? म्हटलं चौथा भरेल.

शेवटी बाईंनी काउंटरखालून नवीन नंबरप्लेट काढून हातात दिली, ३३ डॉलर टायटलची फी पकडून पावती दिली. पार्किंगमध्ये दादाने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला (सकाळी घरूनच आणला होता), आपली जुनी प्लेट काढली, माझी लावली आणि तिथेच फोनवर विक्रीची नोंद डीएमव्हीच्या साईटवर करून टाकली, म्हणजे माझ्या टोलची बिलं त्याच्या नावावर यायला नकोत. जुनी प्लेट त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत टाकली. नाशिकला नेऊन काय करणार विचारलं तर म्हणाला, बघू. डॅशबोर्डवरचा गणपती मात्र तसाच ठेवलाय.