फोन, लॅपटॉप की प्लेस्टेशन : पाडवा ते पाडवा, एका वहीचा हिशेब

२०२४ च्या दिवाळी पाडव्याला, २ नोव्हेंबरला, नाशिकच्या मेन रोडवरचे दुकानदार नव्या चोपड्यांची पूजा करीत होते, तेव्हा मी घरी दोनशे पानी वहीत तीन रकाने आखले : फोन, लॅपटॉप आणि प्लेस्टेशन, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे सोनीचे यंत्र. त्या दिवसापासून २०२५ च्या पाडव्यापर्यंत, म्हणजे २२ ऑक्टोबरपर्यंत, व्हिडिओ गेम खेळण्यात किती वेळ गेला, किती पैसे गेले आणि कोणता गेम शेवटाला पोहोचला, याची नोंद मी रोज झोपण्यापूर्वी केली. स्टीम (संगणकावरच्या गेमचे ऑनलाइन दुकान) काय किंवा प्लेस्टेशन काय, वर्ष सरताना दोन्हीकडून खेळाडूला त्याच्या वर्षाचा गोषवारा मिळतो; परंतु तो ज्याच्या त्याच्या दुकानापुरता असतो, आणि अर्धवट सोडलेला गेम का सोडला हे त्यात कुठेच लिहिलेले नसते. यंदा बोनस हातात पडल्यावर पाळीतल्या दोघातिघांनी ‘काय घेऊ?’ असे विचारले, तेव्हा ही वही उपयोगी पडली. हा आढावा त्यांच्यासारख्यांसाठीच आहे : नोकरी करणाऱ्या, आठवड्याला सात-आठ तास हाताशी असणाऱ्या आणि पन्नास हजारांच्या आत निर्णय घेऊ पाहणाऱ्या माणसासाठी.

माझी परिस्थिती आधी सांगतो, कारण निष्कर्ष तिच्यावरच उभे आहेत. मी म्हसरूळला राहतो आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करतो. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मिळून दीड तास जातो. घरात टीव्ही एकच आहे आणि संध्याकाळी सात ते दहा या वेळेत त्यावर वडिलांच्या बातम्यांचा आणि आईच्या मालिकांचा हक्क आहे, ज्याला हात लावण्याची माझी छाती नाही. लॅपटॉप चार वर्षे जुना, चार जीबीच्या जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्डाचा. प्लेस्टेशन ५ मी त्याच दिवाळीत वापरलेले, ३४,००० रुपयांना घेतले. भारतात ते २ फेब्रुवारी २०२१ ला ४९,९९० रुपयांना आले होते, त्या मानाने सौदा ठीक होता.

वर्षाची बेरीज अशी आली : फोनवर २१४ तास, लॅपटॉपवर १३१ आणि प्लेस्टेशनवर ८८. एकूण ४३३ तास, म्हणजे दिवसाला सव्वा तासाला किंचित कमी. पत्नीने हा आकडा पाहून भुवया उंचावल्या, म्हणून तिला जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या वाचून दाखवली. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराचा समावेश आहे, पण त्यात तासांची मर्यादा दिलेली नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळालाच अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ सुरूच राहणे, हे साधारणपणे बारा महिने दिसले तर तो विकार मानला जातो. तिने ऐकून घेतले आणि ‘दळण कितीदा राहिले ते वहीत आहे का?’ असे विचारले. ते नव्हते.

आता पैसे. फोनवर ४,३१६ रुपये गेले. लॅपटॉपवर गेमचे २,८७० आणि पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलण्याचे १,४०० असे ४,२७०. प्लेस्टेशनसाठी डिस्क ९,६०० रुपयांच्या घेतल्या आणि ७,१०० ला विकल्या, म्हणजे यंत्रासकट ३६,५०० रुपये. तासाच्या दराने भागाकार केला तर फोन सुमारे २०, लॅपटॉप ३३ आणि प्लेस्टेशन ४१५ रुपयांना पडले. बहुतेक तुलना इथेच थांबतात आणि फोन जिंकतो. मीही थांबलो असतो. परंतु प्रत्येक नोंदीपुढे, दुसऱ्या दिवशी तिथे काय घडले होते ते आठवले तर टिक करायची, अशी एक सवय मी लावून घेतली होती. फोनच्या रकान्यात पानेच्या पाने टिक नाही. जो तास आठवतच नाही तो वीस रुपयांना मिळाला काय किंवा फुकट मिळाला काय, त्याला स्वस्त म्हणणे मला जड जाते.

फोनवरचे बहुतेक तास बीजीएमआयचे, म्हणजे पबजी मोबाइलच्या भारतीय आवृत्तीचे आहेत. शंभर खेळाडूंची मोठ्या नकाशावरची मॅच शेवटपर्यंत टिकलो तर अर्ध्या तासाच्या आसपास चालते आणि ती मध्ये थांबवता येत नाही. माझी बस म्हसरूळहून निघाल्यावर द्वारका चौकातल्या कोंडीत किती अडकेल यावर मॅचचे भवितव्य ठरत असे : कोंडी लांबली तर मॅच पूर्ण होई, रस्ता मोकळा मिळाला तर शेवटचे आठ-दहा जण उरलेले असतानाच कंपनीचे गेट येई. गेटवर उतरताना चडफडत फोन खिशात टाकणारा मी एकटा नव्हतो. फोनचे सामर्थ्य यातच आहे की तो नेहमी जवळ असतो आणि वेगळी खरेदी लागत नाही. पण त्यावरचे गाजलेले गेम संपण्यासाठी बनवलेलेच नसतात, हंगामामागून हंगाम येत राहतात, आणि वहीत ‘पूर्ण’ या शब्दाखाली फोनच्या नावे शून्य आहे.

खर्चाचे स्वरूपही निराळे आहे. ४,३१६ ही रक्कम मी एकदाही एकरकमी दिली नसती. ती ८९, १९९, ४४९ अशा तुकड्यांनी यूपीआयवरून गेली, आणि त्यातून मिळाले ते पोशाख आणि बंदुकांचे रंग. ते कोणाला विकता येत नाहीत. शिवाय गेमच नाहीसा होण्याचा धोका असतो, आणि तो आपल्याकडे काल्पनिक नाही : पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला, बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये दुकानांतून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. (पैसे लावून खेळायचे रमी वगैरे प्रकार या आढाव्यात मुळातच धरलेले नाहीत, ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने ते बंद केले आहेत आणि माझ्या मते ते गेम कधी नव्हतेच.) घरात मुले असतील तर एवढे लक्षात ठेवावे की बीजीएमआयमध्ये अठरा वर्षांखालील खेळाडूला दिवसाला तीन तासांची मर्यादा जाहीर केलेली आहे, मात्र मोठ्यांच्या नावाने उघडलेल्या खात्याला ती लागणार कशी?

लॅपटॉपची बाजू मांडताना मला थोडे आवरावे लागते, कारण या वर्षातली सर्वांत चांगली रात्र त्याच्यावर गेली. ४ सप्टेंबर २०२५ ला हॉलो नाइट : सिल्कसाँग हा गेम आला, तेव्हा गर्दीने स्टीमसह अनेक दुकाने काही काळ कोलमडली होती. माझी दुसरी पाळी होती, साडेबाराला घरी पोहोचलो, तोवर दुकान सुरळीत झाले होते, आणि एवढ्या जुन्या लॅपटॉपवर तो गेम विनातक्रार चालला. लॅपटॉपवर खेळण्याचा हा खरा फायदा आहे : हेडेस, स्टारड्यू व्हॅली, पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा राजी, असे कितीतरी गेम महागड्या यंत्राची मागणी करीत नाहीत. राजी दोन-तीन बैठकींत संपतो; त्यातली मारामारी मला जरा एकसुरी वाटली, पण आपल्याकडच्या वास्तूंची आणि चित्रशैलीची पार्श्वभूमी पाहण्यासाठी तो खेळावा असे मी कोणालाही सांगेन.

स्टीमवर २०१५ पासून रुपयांत किमती आहेत आणि सेलमध्ये जुने गेम पाव किमतीला मिळतात. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. मी दोनदा मागितले आणि दोन्ही वेळा मिळाले. ऑनलाइन खेळण्यासाठी वेगळी वर्गणी नाही. उलट बाजूही आहे. सेलच्या मोहात मी दहा गेम घेतले, त्यांतले चार पूर्ण झाले, तीन अर्धवट राहिले आणि तीन अजून उघडलेही नाहीत. घेतलेला गेम विकता येत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून स्टीम खरेदीच्या वेळीच सांगते की आपल्याला मिळतो तो वापराचा परवाना. आणि मे महिन्यातल्या नाशिकच्या दुपारी, पंख्याखाली बसूनही, लॅपटॉप इतका तापे की चित्र अडखळत असे. सफाई करून देणाऱ्याने आतून निघालेली धुळीची गादी मला हातात धरून दाखवली. नवे, भव्य गेम खेळायचे असतील तर या वर्गातला जुना लॅपटॉप आता पुरत नाही, आणि नवा पुरेसा लॅपटॉप पन्नास हजारांत बसत नाही.

प्लेस्टेशनचे ८८ तास संख्येने सर्वांत कमी आहेत, आणि त्याचे कारण यंत्रात नसून टीव्हीत आहे. मला ते रात्री साडेदहानंतर किंवा दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी मिळे. तरीही सात गेम सुरू केले आणि पाच पूर्ण झाले. बसायचे ठरवून बसावे लागते, म्हणून बसलो की खेळणेच होते; लॅपटॉपवर मध्येच बँकेचे काम आठवते, फोनवर तर काय काय आठवते. पावसाळ्यात, सुटीच्या दिवशी गंगापूर रोडला चक्कर मारणेही शक्य नसताना, पत्नीने आणि मी इट टेक्स टू हा गेम पूर्ण केला. तो एकट्याने खेळताच येत नाही. पडदा दोन भागांत विभागलेला असतो आणि प्रत्येक अडथळ्याला दोघांची वेगवेगळी हत्यारे लागतात. तिने यापूर्वी कंट्रोलर हातात धरला नव्हता. पहिल्या तासात आम्ही भांडलो, नंतर जमले. रविवारी पुतण्या आला की अ‍ॅस्ट्रो बॉट. वहीत या दोन गेमपुढे टिक नसलेली एकही नोंद नाही.

खर्चाकडे वळताना ४१५ रुपयांच्या दराने घाबरण्याचे कारण नाही, कारण त्यातले ३४,००० एकदाच जातात आणि यंत्र विकले तर काही परत येतात. पुढचा खरा खर्च डिस्कचा. नवे मोठे गेम पाच हजारांच्या घरात जातात, म्हणून मी वापरलेली डिस्क घेतो, पूर्ण करतो आणि पुढे विकतो. वर्षाची पदरची झीज २,५०० रुपये. हे गणित डिस्क ड्राइव्ह नसलेल्या आवृत्तीत अजिबात जुळत नाही, म्हणून थोडे पैसे वाचवण्यासाठी ती घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ऑनलाइन खेळायचे असेल तर, फुकटचे गेम वगळता, प्लेस्टेशन प्लसची वर्गणी भरावी लागते आणि तिच्यातून मिळालेले गेम वर्गणी संपली की उघडत नाहीत. मी ती घेतली नाही.

विजेचा प्रश्न पाळीतल्या सगळ्यांनी विचारला. खेळताना हे यंत्र साधारण २०० वॅट खाते, म्हणजे पाच तासांना एक युनिट. माझ्या वर्षभराच्या ८८ तासांना साडेसतरा युनिटे. बिलाची काळजी करू नये. काळजी करावी ती वीज अचानक जाण्याची : यंत्र झोपवून ठेवलेले असताना वीज गेली तर अर्धवट थांबवलेला डाव जातो आणि शेवटच्या सेव्हपासून सुरुवात करावी लागते. माझे असे तीनदा झाले. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सिरीज एस हे यंत्र या बाबतीत उजवे आहे, कारण त्यावर थांबवलेला गेम वीज गेल्यानंतरही तिथूनच सुरू होतो. पण त्याला डिस्क ड्राइव्ह नाही. डाउनलोडचाही विचार करावा. शंभर जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सव्वादोन तासांत उतरतो, ४० च्या जोडणीवर साडेपाच तास लागतात.

हातात धरून खेळायच्या यंत्रांविषयी थोडक्यात : निन्टेन्डो स्विच आणि स्टीम डेक भारतात अधिकृतपणे विकले जात नाहीत, त्यामुळे दुरुस्तीची हमी विक्रेत्याच्या शब्दावर असते; आरओजी अ‍ॅलाय २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना आला, म्हणजे या आढाव्याच्या मर्यादेबाहेर.

तेव्हा घरात दुसरे कोणी खेळणार असेल, पत्नी, भाऊ, मुलगी, कोणीही, आणि टीव्ही दिवसातून तासभर तरी मोकळा असेल, तर डिस्कवाले प्लेस्टेशन घ्यावे. एकट्यानेच खेळायचे असेल आणि घरात चालता लॅपटॉप असेल, तर नवे यंत्र विकत न घेता त्यालाच एक कंट्रोलर जोडावा आणि एका वेळी एकच गेम घ्यावा. सहा महिन्यांनी तो अपुरा पडला तरच यंत्राचा विचार करावा. लॅपटॉप नाही आणि टीव्हीही मोकळा नाही, अशा माणसाला मी फोनवर ज्यांची किंमत एकदाच द्यायची आणि जे हवे तिथे थांबवता येतात असे गेम सुचवेन. स्टारड्यू व्हॅली फोनवरही मिळतो, आणि द्वारकेला कोंडी असो वा नसो, त्याचे काही बिघडत नाही.

वापरलेले प्लेस्टेशन घेणाऱ्यांसाठी एक सूचना. ते विक्रेत्याच्या घरीच निदान अर्धा तास चालवून पाहावे. पंख्याचा आवाज ऐकावा, आपली स्वतःची डिस्क आत घालून बाहेर काढावी, आणि कंट्रोलरच्या काड्यांना हात न लावता पडद्यावरचे पात्र आपोआप सरकते का ते बघावे. ड्राइव्ह वेगळा काढता येणारे पातळ मॉडेल असेल, तर तो ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते, म्हणून जोडणी पूर्ण झालेली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.