बी क्लास ऑटोक्लेव्ह : नऊ महिने वापरल्यानंतर

बार्शीत माझं दोन खुर्च्यांचं दातांचं क्लिनिक आहे. नऊ महिन्यांपूर्वी 23 लिटरचा बी क्लास ऑटोक्लेव्ह घेतला, म्हणजे आधी पंपाने हवा काढून मग दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं मशीन. घेण्याआधी खूप शोधाशोध केली, पण नवा असतानाचं कौतुकच सगळीकडे वाचायला मिळालं. म्हणून मुद्दाम इतके महिने थांबून लिहितेय.

आधी माझ्याकडे उभा, कुकरच्या जातीचा ऑटोक्लेव्ह होता. 121 अंश, 15 पौंड दाब, 20 मिनिटं. तो वाईट नव्हता. आरसे, चिमटे, फोरसेप अशा भरीव, उघड्या हत्यारांना तो आजही पुरतो. मला झोप लागू देत नव्हता तो एअरोटर, म्हणजे दात कोरायचा, हवेच्या झोताने फिरणारा हँडपीस. हँडपीसच्या पोटात बारीक नळ्या असतात आणि काम थांबलं की रुग्णाची लाळ, रक्त त्यांत मागे ओढलं जाऊ शकतं. त्या नळ्यांतली हवा सहजासहजी बाहेर येत नाही, आणि हवा अडकली तिथे वाफ शिरत नाही. वाफ थंड धातूवर टेकून तिचं पाणी होतं, तेव्हा ती ग्रॅममागे सुमारे 540 कॅलरी उष्णता सोडते. जंतू मरतात ते या ओल्या उष्णतेने. नुसत्या कोरड्या हवेने तेच काम करायचं तर 160 अंशांवर दोन तास लागतात.

नवं मशीन आधी पंपाने हवा खेचतं, वाफ सोडतं, परत खेचतं. असं तीनदा झालं की 134 अंशांपर्यंत चढतं, तिथे चार मिनिटं थांबतं आणि मग वाळवणी. माझ्याकडे सगळं मिळून पाऊण तास जातो. आता प्रत्येक रुग्णाला वेगळा, पाऊचमधला (एका बाजूने कागद, दुसऱ्या बाजूने प्लास्टिक असलेल्या बंद पाकिटातला) हँडपीस. रुग्णासमोर पाऊच फाडताना जो आवाज येतो, तो मला फार आवडतो.

‘उकळून घेतलंय की’, ‘स्पिरिटने पुसलंय की’ हे अजूनही कानावर येतं, तेव्हा जीव तुटतो. 100 अंशांवर उकळलं तरी धनुर्वातासारख्या जंतूंचे स्पोअर, म्हणजे कडक कवचातली त्यांची सुप्त रूपं, त्यातून वाचू शकतात. कावीळ बी चा विषाणू वाळलेल्या पृष्ठभागावर सात दिवस तग धरतो, आणि खाचेत वाळलेल्या रक्ताच्या आत स्पिरिट पोहोचतच नाही. ऑटोक्लेव्हलाही हाच नियम लागू आहे. आधी घासून, अल्ट्रासॉनिकमधून (ध्वनिलहरींनी घाण सोडवणाऱ्या पाण्याच्या टाकीतून) काढून, स्वच्छ धुतलेलं हत्यारच आत जायला हवं. ते न करता महागडं मशीन घेण्यात काही अर्थ नाही.

आता तक्रारी. विकणाऱ्याने ‘आरओचं पाणी चालेल’ असं सांगितलं होतं. आमच्याकडचं पाणी जड. दोन महिन्यांत चेंबरच्या तळाला पांढरा थर दिसायला लागला. तेव्हापासून फक्त डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे दर आठवड्याला कॅन आणणं आलं. दुसरं, वीज. 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट घ्यावा लागला, आणि इन्व्हर्टरवर हे मशीन चालत नाही. मध्येच लाइट गेली की सायकल रद्द, सगळं पहिल्यापासून. तिसरं, ओले पाऊच. सुरुवातीला आम्ही ट्रेमध्ये पाऊच एकावर एक आडवे रचायचो आणि निम्मे ओले निघायचे. ओल्या कागदातून बाहेरचे जंतू आत झिरपतात, म्हणून तो पाऊच निर्जंतुक धरायचा नाही. आता रॅक आणलाय. त्यात पाऊच उभे, एकाचा कागद शेजारच्याच्या प्लास्टिककडे, मध्ये बोट जाईल एवढी जागा. एका फेरीत कमी हत्यारं बसतात, पण कोरडी निघतात.

तिसऱ्या महिन्यात जे झालं ते मात्र नीट सांगते. आम्ही रोज सकाळी पहिल्या सायकलला हेलिक्स टेस्ट लावतो. लांब बारीक नळीच्या टोकाला एक पट्टी असते आणि वाफ तिथवर पोहोचली तरच ती काळी पडते. त्या सोमवारी मदतनीस ताई पट्टी घेऊन आल्या. ‘मॅडम, ही आज पूर्ण काळी झाली नाही बघा.’ एका कडेला पिवळट पट्टा राहिला होता. मशीनचा डिस्प्ले 134 दाखवत होता, सायकल पूर्ण, एरर काही नाही. मी तो सगळा लोड बाजूला ठेवायला लावला. सोमवार आमचा स्पोअर टेस्टचाही दिवस. त्याच सायकलमध्ये ठेवलेली नळी इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे जंतू वाढतील इतक्या उबेच्या पेटीत टाकली. तिच्यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या फार चिवट जंतूचे स्पोअर असतात. ते मेले तर द्रव जांभळा राहतो, जगले तर पिवळा होतो. मंगळवारी सकाळी नळी पिवळी. माझे हात गार पडले.

व्हॅक्यूम लीक टेस्ट लावली, म्हणजे हवा खेचल्यावर चेंबर हवाबंद राहतो का ते पाहिलं; ती नापास. दाराच्या गॅस्केटवरून, म्हणजे रबरी पट्टीवरून बोट फिरवलं तेव्हा खालच्या बाजूला नखाएवढी चीर लागली. व्हॅक्यूमच्या वेळी तिथून हवा आत येत होती. कंपनीचा माणूस यायला अकरा दिवस लागले. हमीतलं मशीन, रोज फोन, आणि गॅस्केट बदलायला त्याला दहा मिनिटं पुरली. ते अकरा दिवस मी जुन्या ऑटोक्लेव्हवर तपासणी आणि साधे दात काढणं तेवढं केलं, एअरोटरची कामं पुढे ढकलली. काही रुग्ण चिडले. त्यांना खरं कारण सांगितलं.

मशीन चांगलं आहे, परत घ्यायची वेळ आली तर बी क्लासच घेईन. पण पट्ट्या, स्पोअरच्या नळ्या आणि डिस्टिल्ड वॉटर यांचा महिन्याचा खर्च किमतीत धरूनच घ्या, आणि सर्व्हिसचा माणूस किती तासांत येईल ते लेखी घ्या. मी आता दोन गॅस्केट कपाटात आणून ठेवलीत. ती बसवायला ताई शिकल्या आहेत.