बाल्सात टेहळणी विमान बांधायचंय? स्टोर्क, कि-७६ की कि-३६

टेहळणीच्या विमानाचं मॉडेल बाल्सात, म्हणजे अगदी हलक्या लाकडात, बांधायचं म्हटलं की बहुतेकांचा हात सरळ जर्मन फीझलर स्टोर्ककडे जातो. नवल नाही, विमानच तसं देखणं आहे. पण पहिलंच मोठं मॉडेल हाती घेत असाल तर ब्लेड चालवण्याआधी जपानी कि-७६ कडे एकदा नीट बघा. माझं मत आधीच सांगतो : उडवायचं असेल तर कि-७६, कपाटात मांडायचं असेल तर स्टोर्क, आणि तिसरं, तेही जपानीच, कि-३६ हात बसल्यावर.

कि-७६ म्हणजे स्टोर्कची नक्कल, हे इतक्या वेळा कानावर पडतं की खरंच वाटू लागतं. जपानी लष्कराला स्टोर्कच्या धर्तीचं विमान हवं होतं, इथवर बरोबर. पण कोकुसाई कंपनीचं कि-७६ मे १९४१ मध्ये उडालं, तेव्हा मागवलेलं स्टोर्क जपानला पोचलंही नव्हतं. ते आल्यावर दोघांची तुलना झाली आणि उतरायला लागणारं अंतर सोडलं तर कि-७६ सरस ठरलं. ज्याला नक्कल म्हणतात त्याने असली समोर असताना बाजी मारली, याचं मला आजही फार अप्रूप आहे.

खरा फरक पंखात आहे. अगदी हळू उडता यावं म्हणून स्टोर्कच्या पंखाच्या पुढच्या कडेला एक कायमची बारीक पट्टी बसवलेली असते, स्लॅट. पट्टी आणि पंख यांच्यातल्या फटीतून हवा वरच्या अंगाला जाते. कि-७६ ला ही पट्टीच नाही. त्यांनी फाउलर फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग, वापरले. ते मागे सरकतात आणि मग खाली झुकतात, म्हणजे पंखाचं क्षेत्रफळच वाढतं. वर घेतले की उरतो साधा, सरळ पंख.

बांधणाऱ्याच्या दृष्टीने ही फट म्हणजे परीक्षा. माझ्या स्टोर्कची उजवीकडची फट डावीपेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर अरुंद राहिली होती. वर वॉर्निशचा हात फिरला आणि ती आणखी मिटली. वेग कमी केला की विमान दर वेळी उजवीकडे पडायचं. आठवडाभर मी मोटरला दोष देत बसलो होतो. शिवाय मॉडेलच्या मापाला स्लॅटचा उपयोग खऱ्या विमानाइतका होतही नाही. मेहनत पूर्ण, फायदा थोडा.

१:१० मापात स्टोर्कचा पंख टोकापासून टोकापर्यंत १४२ सेंटिमीटर भरतो, कि-७६ चा बरोबर १५०. खऱ्या विमानांत पंखाच्या दर चौरस मीटरवर दोघांच्याही वाट्याला साधारण ५१-५२ किलो वजन येतं, म्हणजे तरंगण्यात दोघं सारखी. नाकात मात्र तसं नाही. स्टोर्कचं आर्गुस इंजिन उलट्या व्ही आकाराचं, त्यामुळे नाक अरुंद. कि-७६ चं नऊ सिलिंडरचं रेडियल, म्हणजे सिलिंडर गोलाकार मांडलेलं, त्यामुळे नाक गोल आणि ऐसपैस. लांब शेपटाच्या या विमानांना पुढे वजन लागतंच. गोल नाकात बॅटरी पार पुढे सरकवता येते आणि सीजी, म्हणजे विमानाचा तोल राहतो तो बिंदू, जुळवायला शिसं कोंबावं लागत नाही.

कि-३६ हे तचिकावाचं, १९३८ मध्ये उडालेलं, जमिनीवरच्या सैन्याला साथ देणारं विमान. पंख खाली, चाकांवर आवरणं, निरीक्षकासाठी पोटाला खिडक्या. दिसायला सुबक, पण वेग ताशी ३५० किलोमीटरच्या आसपास आणि दर चौरस मीटरला ८० किलोच्या वर भार. मॉडेलही तसंच वागतं, हळू केलं की खाली बसतं. नवख्याने त्याच्या वाट्याला जाऊ नये.

स्टोर्कच्या बाजूने एक मोठी गोष्ट बोलते. युद्धानंतरही ते फ्रान्स आणि चेकोस्लोव्हाकियात बनत राहिलं, उडती विमानं आजही आहेत, त्यामुळे आराखडे आणि फोटो भरपूर. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीतल्या ग्रान सास्सो डोंगरावरून मुसोलिनीला घेऊन उडालेलं विमानही हेच. कि-७६ साठी शोधाशोध करावी लागते, पण सजवायला त्यातही मजा आहे. काही विमानं लष्कराच्याच अकित्सु मारू या जहाजावरून पाणबुड्यांच्या मागावर उडत, शेपटाखाली हूक आणि अंगावर पाणसुरुंगासारखे डेप्थ चार्ज घेऊन. तो हूक तारेचा वाकवा, पाच मिनिटांचं काम आहे, आणि बघणारा हमखास त्याबद्दल विचारतो.

कि-७६ घेतलंत तर फ्लॅप पहिल्यांदा हलते करू नका. बंद स्थितीत चिकटवा आणि जोडाची रेघ पेनने आखा. पंख मात्र रबर बँडऐवजी नायलॉनच्या बोल्टवर बसवा. पुढच्या पावसाळ्यात घरी बसून फ्लॅपवाला दुसरा पंख बांधला, की तो त्याच धडावर तसाच चढतो.