बंबई मेरी जान: एकाच घरातला पोलीस आणि टोळी

पोलीस विरुद्ध गुन्हेगार घराणी, या साच्यातल्या मालिकांची कमी नाही. अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर १४ सप्टेंबर २०२३ ला आलेली ही १० भागांची हिंदी मालिका वेगळी वाटते, कारण इथे दोन्ही पक्ष एकाच दस्तरखानावर जेवायला बसतात. बाप इस्माइल कादरी पोलीस, मुलगा दारा टोळीवाला. ही झुंज घरात असते तोवर मालिका घट्ट धरून ठेवते. ती रस्त्यावर आली की पकड सैलावते.

इस्माइलच्या भूमिकेत के के मेनन आहेत आणि निवेदनही त्यांच्याच आवाजात. हा निर्णय अगदी योग्य. मुलाचा उदय आपण बापाच्या तोंडून ऐकतो, त्यामुळे दाराच्या प्रत्येक यशाला हरल्याची चव येते. बापाची नोकरी जाते, घरात शिजवायला काही उरत नाही, आणि ज्या तस्कर हाजीला पकडायचं त्याच्याच दारात जाऊन उभं राहावं लागतं. मालिकेचं खरं वळण इथे आहे. दाराने पुढे केलेल्या कुठल्याही खुनापेक्षा हे जास्त लागतं. सुरुवातीचे भाग घाईने पुढे ढकलू नका. नंतरच्या सगळ्या रागाचं मूळ तिथेच आहे.

कथेचं श्रेय मुंबईच्या गुन्हेगारी जगतावर लिहिणारे पत्रकार-लेखक एस. हुसेन झैदी यांना आहे. पात्रांची नावं बदललेली असली तरी मूळ माणसं मराठी प्रेक्षकाला लगेच ओळखू येतात. अडचण तिथेच होते. दारा ज्याच्यावर बेतला आहे त्या दाऊद इब्राहिमचे वडील इब्राहिम कासकर गुन्हे शाखेत हवालदार होते आणि भाऊ साबीर १२ फेब्रुवारी १९८१ ला प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर मारला गेला, हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचे धक्के आधीच दिसतात. शिवाय हवालदाराचा इथे पथक चालवणारा अधिकारी केला आहे. त्यामुळे धाडी, पाठलाग दाखवणं सोपं झालं, पण एक मोठी गोष्ट निसटली. हवालदाराचं वजन हुद्द्यात नसतं. ते खबऱ्यांत, मोहल्ल्यातल्या शब्दात आणि ठाण्यातल्या जुन्या ओळखींत असतं. बापाची मोहल्ल्यातली ही इज्जतच मुलाच्या धंद्याला उपयोगी पडते, ही कडवट बाजू आणखी उलगडायला हवी होती.

तस्करीचा तपशीलही तोकडा आहे. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यामुळे (तो १९९० मध्ये रद्द झाला) आणि आयातीवरच्या बंदीमुळे मुंबईतला सोन्याचा भाव परदेशातल्या भावापेक्षा चढा असायचा. तस्करांची कमाई या फरकावरच होती. माल यायचा तो १० तोळ्यांच्या बिस्किटांत, एकेक ११६.६४ ग्रॅमचं. अशी १०० बिस्किटं शिवलेल्या कप्प्यांच्या जाकिटात भरली की साडेअकरा किलोहून जास्त सोनं माणसाच्या अंगावर. ते घालून सरळ चालायचं, जिना चढायचा, धापही लागू द्यायची नाही. एवढा एक प्रसंग नीट घेतला असता तर धंद्याची जोखीम संवादांशिवाय कळली असती. इथे मात्र माल उतरतो, पैसा येतो, लगेच पुढची बैठक. खुल्या समुद्रातल्या गलबतापासून झवेरी बाजारापर्यंतच्या साखळीतलं फार थोडं पडद्यावर येतं.

अविनाश तिवारीचा दारा डोळ्यांनी जास्त बोलतो, आणि ते चांगलं आहे. सौरभ सचदेवांचा हाजी तर आवाज न चढवता धाक बसवतो; तो समोर असला की बाकीचे खलनायक आरडाओरडा करणारे वाटतात. बहीण हबीबा झालेल्या कृतिका कामराला वाव उशिरा मिळतो, पण मिळाल्यावर ती तो सोडत नाही. उत्तरार्धात मात्र बदला, उलटा बदला, पुन्हा बदला असं चक्र सुरू होतं आणि गोळीबारांचा क्रमही लक्षात राहत नाही.

भाग पाऊण ते एक तासाचे आहेत. एका बैठकीत दोनच पाहा. सलग पाहिले तर हिंसा बोथट होते. शिव्या आणि रक्त भरपूर, त्यामुळे घरात मुलं जागी असताना लावू नका. आणि पाहताना निवेदिता भट्टाचार्य यांच्या सकीनावर लक्ष ठेवा. मुलाने आणलेल्या पैशाचं काय करायचं, हे नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये उभं राहून तिलाच ठरवावं लागतं, आणि ती ते बहुतेक वेळा एक शब्द न बोलता ठरवते.