गो भाषेचे परीक्षण : जिनिंगच्या काट्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी

जळगाव, धरणगाव, चोपडा, बोदवड या पट्ट्यातील जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून गाठी बांधणाऱ्या) कारखान्यांसाठी वजनकाट्याचे आणि खरेदीच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करणे हा आमचा व्यवसाय आहे. या कामासाठी गूगलने विकसित केलेली गो ही प्रोग्रामिंग भाषा आम्ही स्वीकारली आणि कापसाच्या हंगामात ती प्रत्यक्ष कामाला लावली. प्रस्तुत परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे. मोठ्या शहरांतील कंपन्या कोणती भाषा निवडतात याची चर्चा भरपूर होते. मात्र दोन-तीन माणसांच्या बळावर चालणाऱ्या आणि एकदा बसवलेले सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे सांभाळावे लागणाऱ्या तालुक्याच्या गावातील व्यावसायिकाने भाषा कशी पारखावी, याविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही.

प्रथम आवश्यक तेवढी पार्श्वभूमी. रॉबर्ट ग्रिसेमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन या तिघांनी 2007 मध्ये गूगलमध्ये या भाषेची आखणी सुरू केली, 2009 च्या नोव्हेंबरमध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि 2012 च्या मार्चमध्ये तिची 1.0 आवृत्ती आली. भाषा विनामूल्य आहे आणि तिचा मूळ कोडही खुला आहे. सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवण्यासाठी वापरली जाणारी डॉकर आणि कुबरनेटीस ही दोन्ही साधने गोमध्ये लिहिलेली आहेत. मायक्रोसॉफ्टनेही 2025 मध्ये टाइपस्क्रिप्ट या भाषेचा कंपायलर (लिहिलेल्या कोडचे संगणकाला चालवता येईल अशा रूपात भाषांतर करणारा प्रोग्रॅम) गोमध्ये नव्याने उतरवत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे ही भाषा दोन वर्षांत बासनात जाईल अशी धास्ती बाळगण्याचे कारण उरलेले नाही.

आमच्या परिसरात ही धास्ती निराधार नव्हती. काट्याची कित्येक जुनी सॉफ्टवेअरे व्हिज्युअल बेसिक 6 मध्ये लिहिलेली आहेत. ती भाषा 1998 ची असून तिच्या विकसन साधनाचा आधार मायक्रोसॉफ्टने 2008 मध्येच थांबवला. तरीही ती सॉफ्टवेअरे आजही चालतात, कारण जिनिंगचा मालक चालते यंत्र बदलत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही. म्हणूनच नव्या भाषेला आमचा पहिला प्रश्न वेगाचा किंवा सौंदर्याचा नव्हता. आज लिहिलेला कोड दहा वर्षांनी विनातक्रार कंपाइल होईल का, हा होता.

या प्रश्नाला गोइतके स्पष्ट उत्तर फार थोड्या भाषा देतात. 1.0 आवृत्तीसोबत भाषेच्या कर्त्यांनी असे लेखी वचन दिले की, त्या आवृत्तीच्या नियमांनुसार लिहिलेले प्रोग्रॅम पुढील 1.x आवृत्त्यांतही तसेच चालत राहतील. हे वचन त्यांनी मोठ्या निष्ठेने पाळले आहे. जेनेरिक्ससारखी (एकच कोड अनेक प्रकारच्या माहितीसाठी वापरू देणारी) मोठी सुविधा 2022 च्या 1.18 आवृत्तीत आली, पण तिने जुना कोड मोडला नाही. तीच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या फॉर लूपमधील व्हेरिएबलचे (मूल्य साठवणाऱ्या नावाचे) वर्तन 2024 च्या 1.22 आवृत्तीत बदलण्यात आले, तेव्हा तो बदल केवळ त्या प्रकल्पांना लागू झाला ज्यांनी प्रकल्पाची आवृत्ती नोंदवणाऱ्या आपल्या गो-मॉड फाइलमध्ये ती किंवा त्यापुढील आवृत्ती लिहिली आहे. भाषा बदलायची, पण ज्याने मागितला त्यालाच बदल द्यायचा, ही शिस्त इतर अनेक साधनांनी उचलावी अशी आहे.

दुसरी जमेची बाजू म्हणजे तयार होणारी एकच एक फाइल. पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम जिनिंगच्या संगणकावर बसवायचा म्हणजे पायथनची योग्य आवृत्ती, लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) आणि त्यांच्या आवृत्त्या हे सारे लटांबर सोबत न्यावे लागते किंवा वेगळ्या साधनाने बांधून घ्यावे लागते. गोचा कंपायलर सारे काही एका एक्झी फाइलमध्ये बसवून देतो. 2021 च्या 1.16 आवृत्तीपासून पावतीचे नमुने, चित्रे आणि वेबपानेसुद्धा त्याच फाइलमध्ये समाविष्ट करता येतात. आम्ही प्रोग्रॅमचे पडदे (स्क्रीन) ब्राउझरमध्येच दाखवतो. एसक्यूलाइट डेटाबेससाठी शुद्ध गोमधील लायब्ररी वापरतो, त्यामुळे सी भाषेच्या कंपायलरची गरज पडत नाही. जळगावच्या कार्यालयातील लिनक्सवर बसून, लक्ष्य प्रणाली आणि प्रोसेसर सांगणारी दोन मूल्ये बदलली की 32-बिट विंडोजची फाइल तयार होते. ती पेन ड्राइव्हवर घेऊन चोपड्याला जायचे, जुन्या फाइलचे नाव बदलून शेजारी ठेवायचे आणि नवी फाइल चालू करायची. काही बिघडलेच तर जुनी फाइल पुन्हा जागेवर. रांगेत कापसाचे ट्रॅक्टर उभे असताना या सोयीचे मोल काय असते, ते काट्यावर उभा राहिलेला माणूसच जाणतो.

मात्र येथे एक मोठी अडचण आहे आणि तिची पूर्वकल्पना असलीच पाहिजे. विंडोज 7 वर चालणारी गोची शेवटची आवृत्ती 1.20 आहे, 2023 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या 1.21 पासून किमान विंडोज 10 लागते. गोच्या धोरणानुसार कोणत्याही आवृत्तीला तिच्यापुढच्या दोन मोठ्या आवृत्त्या येईपर्यंतच सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, म्हणजे 1.20 ला 2024 च्या फेब्रुवारीपासून त्या मिळणे बंद झाले. खानदेशातील काट्यांवर विंडोज 7 चे संगणक अजूनही सर्रास दिसतात. अशा ठिकाणी आम्ही 1.20 वरच थांबतो, त्या संगणकाला इंटरनेटपासून दूर ठेवतो आणि 1.21 मधील नव्या लायब्रऱ्यांचा मोह टाळतो. रस्ट या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेकडे वळूनही ही अडचण सुटत नाही, कारण तिनेही 2024 मधील 1.78 आवृत्तीपासून आपल्या नेहमीच्या विंडोज आवृत्त्यांसाठी विंडोज 10 ची अट घातली आहे.

आता प्रत्यक्ष कोड लिहिण्याविषयी. गोमध्ये राखीव शब्द केवळ 25 आहेत. बी.सी.ए. झालेला विद्यार्थी थोड्याच दिवसांत दुसऱ्याचा कोड वाचू लागतो, आणि माझ्या मते हाच या भाषेचा सर्वांत मोठा गुण आहे. आमच्याकडे शिकून तयार झालेली मुले-मुली पुण्याला जातात, तसे जाणे योग्यही आहे, पण त्यांनी मागे ठेवलेला कोड दुसऱ्या कुणाला तरी पुढे न्यावा लागतो. गोफॉर्मट हे साधन सर्वांचा कोड एकाच मांडणीत आणून ठेवते, त्यामुळे कंस कुठे द्यावा यावर वाद होत नाहीत आणि दोन वर्षांपूर्वीची फाइल कालच लिहिल्यासारखी वाचता येते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने पानेच्या पाने कोड लिहून देऊ लागल्यापासून तर लिहिण्यापेक्षा वाचून तपासण्यालाच अधिक वेळ जातो, आणि त्या तपासणीत गोचा साधेपणा फार उपयोगी पडतो. चाचण्या लिहिण्याची सोय, संशयास्पद कोड दाखवणारे व्हेट आणि समांतर कामांतील गोंधळ पकडणारा रेस डिटेक्टर हे सारे मूळ साधनातच मिळते, हेही महत्त्वाचे आहे.

हिशेबाचे एक उदाहरण देतो. गोच्या मूळ लायब्ररीत दशांश चलनासाठी वेगळा प्रकार नाही आणि फ्लोटमध्ये (अपूर्णांक अदमासे साठवणाऱ्या संख्याप्रकारात) पैसे मोजणे हे कोणत्याही भाषेत धोक्याचेच असते. सुदैवाने कापसाच्या व्यवहारात एक सोयीची गोष्ट आहे : क्विंटलचा रुपयांतील दर आणि किलोचा पैशांतील दर हा आकडा एकच असतो. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता, म्हणजे किलोला 7,521 पैसे. ट्रॉलीचे निव्वळ वजन 2,345 किलो भरले तर या दोन पूर्णांकांचा गुणाकार 1,76,36,745 पैसे, अर्थात 1,76,367 रुपये 45 पैसे. कुठेही फ्लोट आला नाही आणि शेतकऱ्याच्या पावतीत पैशाचाही फरक पडला नाही. गोमध्ये ‘पैसे’ आणि ‘किलो’ असे दोन स्वतंत्र प्रकार घोषित करता येतात, आणि मग कुणी चुकून पैशांत किलो मिळवू लागला तर कंपायलर तेथेच अडवतो. उत्तर कोणत्या प्रकारात हवे हे गुणाकाराच्या वेळी स्पष्ट लिहावे लागते. ते थोडे कंटाळवाणे आहे, पण हिशेब तपासणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

त्रुटी हाताळण्याच्या पद्धतीवर गोची सर्वाधिक टीका होते. प्रत्येक कृतीनंतर ‘त्रुटी आली का’ असे विचारणाऱ्या त्याच तीन ओळी पुन्हा पुन्हा लिहाव्या लागतात. यासाठी नवे लेखनरूप आणण्याच्या सूचना अनेक वर्षे येत होत्या. अखेर 2025 मध्ये गोच्या चमूने नजीकच्या काळात असा बदल न करण्याचे जाहीर केले. मला हा निर्णय पटतो. काट्याच्या इंडिकेटरकडून सिरियल पोर्टवर येणारे वजन वाचताना केबल सैल असणे, निम्माच आकडा येणे, वीज जाऊन इंडिकेटर बंद पडणे हे सारे रोजचेच आहे, आणि यातील प्रत्येक वेळी ऑपरेटरला काय दाखवायचे हे लिहिणाऱ्याने त्या त्या ठिकाणीच ठरवले पाहिजे. खरा दोष वेगळाच आहे. न वापरलेले व्हेरिएबल दिसले तर गोचा कंपायलर काम थांबवतो, परंतु फाइल बंद करण्यासारख्या कृतीकडून आलेली त्रुटी तुम्ही घेतलीच नाही, तर तो अवाक्षरही काढत नाही. रस्ट निदान इशारा देते. गोमध्ये त्यासाठी वेगळे तपासणी साधन लावावे लागते, आणि ते आम्ही सक्तीचे केले आहे.

समांतर कामांसाठी असलेली गोरूटीनची सोय उत्तम आहे. वजन वाचणे आणि पावती छापणे ही कामे सुटी ठेवायला ती पुरेशी पडते. वेगाविषयी आमच्या कामात कधी विचारच करावा लागला नाही. खिडक्या आणि बटणे असलेला नेहमीचा डेस्कटॉप पडदा हवा असेल तर मात्र मूळ लायब्ररीत काहीच नाही, बाहेरच्या लायब्रऱ्यांवर विसंबावे लागते.

देवनागरीच्या बाबतीत मला या भाषेकडून अधिक अपेक्षा होती. सर्व लिप्यांतील मजकूर संगणकात साठवण्याची युटीएफ-8 ही पद्धत 1992 मध्ये ज्यांनी रचली ते केन थॉम्पसन आणि रॉब पाइक हेच गोचे दोन कर्ते आहेत, आणि गोचा प्रत्येक प्रोग्रॅम युटीएफ-8 मध्येच लिहिला जातो. तरीही ‘नंदुरबार’ या नावाची लांबी विचारली तर उत्तर येते 24, कारण ते बाइट मोजते. रून (म्हणजे युनिकोडमधील एकेक चिन्ह) मोजायला सांगितले तर 8 येतात, कारण अनुस्वार, उकार आणि काना स्वतंत्र धरले जातात. वाचणाऱ्याला मात्र अक्षरे दिसतात पाच. हे पाच मोजण्याची सोय मूळ लायब्ररीत नाही. याचा फटका पावतीवर बसतो. गावाच्या रकान्याला बारा जागा ठरवल्या, की गो रून मोजून ‘नंदुरबार’ पुढे चार आणि ‘चोपडा’ पुढे सात रिकाम्या जागा सोडते. डोळ्यांना दिसणारी अक्षरे मात्र पाच आणि तीनच असल्याने एक रकाना नऊ जागांचा आणि दुसरा दहा जागांचा होतो, आणि पुढचा वजनाचा रकाना ओळीगणिक मागे-पुढे सरकतो. अक्षरगट मोजणारी बाहेरची लायब्ररी घेऊन आम्ही रकाने जुळवले, आणि जेथे प्रिंटर जुना आहे तेथे पावती चित्राच्या रूपात छापतो.

याहून अधिक खटकणारी बाब व्हेरिएबलच्या नावांची आहे. गोच्या नियमानुसार नावात अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढेच चालते; मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि हलन्त चालत नाहीत. परिणामी ‘दर’ हे नाव चालते आणि ‘भाव’ चालत नाही. ‘वजन’ चालते आणि ‘रक्कम’ चालत नाही. त्यातच, पॅकेजबाहेर (कोडच्या त्या गटाबाहेर) दिसायचे नाव मोठ्या (कॅपिटल) अक्षराने सुरू झाले पाहिजे अशी अट असल्याने, जिला लहान-मोठी अक्षरेच नाहीत त्या देवनागरीतील नाव बाहेर दाखवताच येत नाही. या नियमामुळे देवनागरीसारख्या लिप्या वगळल्या जातात, हे गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत मोकळेपणाने मान्य केलेले आहे. पायथन 3, जावा, जावास्क्रिप्ट आणि 2021 पासून रस्टमध्येही ‘भाव’ हे नाव बिनदिक्कत देता येते. व्यावसायिक कोडमध्ये आम्ही इंग्रजी नावेच वापरतो. परंतु शहादा किंवा शिरपूरच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला पहिला प्रोग्रॅम आपल्या भाषेतील नावांनी लिहू द्यावा असे ज्याला वाटते, त्याने शिकवण्यासाठी पायथनच घ्यावी.

जळगावातील क्लासच्या फलकांवर पायथन, जावा आणि फुल स्टॅक ही नावे दिसतात, गो क्वचितच. नोकरीच्या बाजाराचा विचार करता त्यात वावगे काही नाही. प्रोग्रामिंग भाषांची लोकप्रियता मोजणाऱ्या टियोबे निर्देशांकात पायथन 2021 च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचली, आणि विदा विश्लेषण किंवा यंत्रशिक्षण करायचे असेल तर गोच्या वाट्याला जाऊच नये. मोबाइल ॲपसाठीही ती सोयीची नाही. परंतु केळीच्या वखारीची नोंद, दूध संकलनाचे केंद्र, काटा, शीतगृह अशा ठिकाणी एखाद्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे चालत राहणारा प्रोग्रॅम लिहायचा असेल, तर मी आज गोचीच शिफारस करीन. विंडोज 10 किंवा त्यापुढील संगणक असेल तर चालू आवृत्ती घ्यावी. विंडोज 7 असेल तर 1.20 घ्यावी, गो-मॉडमध्ये तीच आवृत्ती लिहावी आणि वापरलेल्या सर्व लायब्रऱ्यांच्या प्रती प्रकल्पाच्याच व्हेंडर फोल्डरमध्ये जपून ठेवाव्यात, कारण त्या लायब्रऱ्यांच्या नव्या आवृत्त्या 1.20 वर कंपाइल होतीलच असे नाही.