ईजीआर व्हॉल्व्ह बंद न करता साफ करून घेतला, उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

गाडी १.३ लिटरची बीएस४ डिझेल, नागपुरात रोजचं धरमपेठ ते हिंगणा एमआयडीसी. उन्हाळ्याच्या आधी आयडलला थरथरून राहिली होती, सेकंड-थर्डमध्ये पिकअपच नाही, ॲक्सिलेटर दाबला की काळा धूर आणि वरून चेक इंजिनचा लाइट. ज्याला विचारलं तो एकच सांगे, भाऊ गॅसच्या वाटेत प्लेट टाकून ईजीआर बंद कर, गाडी पळते मग.

मी नाही केलं. ईजीआर म्हणजे एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन, हा व्हॉल्व्ह जळालेला थोडा गॅस परत इंटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत सोडतो, त्यानं सिलेंडरमधलं टेंपरेचर कमी राहते आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी बनतात. आणि फुल ॲक्सिलेटर दिला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तो तसाही बंदच करतो, मग चांगल्या व्हॉल्व्हवर प्लेट टाकून पॉवर येणार कुठून? ज्यांना फरक पडतो त्यांचा व्हॉल्व्ह बहुतेक कार्बननं उघडाच अडकलेला राहतो, साफ केला तरी तोच फरक मिळतो.

खोलला तर आत काजळी आणि क्रँककेसमधून (इंजिनच्या खालच्या भागातून) येणारी ऑइलची वाफ मिळून डांबरासारखा थर, इंटेक मॅनिफोल्डच्या (सिलेंडरकडे हवा नेणाऱ्या पाइपच्या) तोंडाशी पण तेच. मेकॅनिकनं कार्ब क्लीनर आणि ब्रशनं सगळं काढलं, फक्त व्हॉल्व्हच्या मोटरच्या भागात स्प्रे जाऊ दिला नाही, हे जवळ उभं राहून बघाच. गॅस्केट नवीनच टाकायला लावा, जुनं लीक होते. मग स्कॅनरनं कोड क्लिअर.

तेव्हापासून आयडल शांत, धूर नाही, लाइट परत आला नाही. मायलेज थोडं वाढलं, पण खरा आनंद पिकअपचा, अमरावती रोडवर ट्रक ओव्हरटेक करताना आता खालचा गिअर शोधावा लागत नाही.

प्लेटवाल्यांना बऱ्याच गाड्यांत पी०४०१ कोड येते (ईजीआरचा गॅस कमी वाहतो असा), मग तो दाबायला रीमॅप, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलणं, म्हणजे खर्चावर खर्च. पीयूसीत पास होते म्हणतात, होणारच, डिझेलच्या पीयूसीत धूर मोजतात, हे नायट्रोजनचे ऑक्साइड नाही. पण मे महिन्यात ४५ डिग्रीच्या उन्हात त्याच ऑक्साइडपासून ओझोन बनतो आणि सीताबर्डीच्या सिग्नलवर स्कूटरवर पोरांना घेऊन उभे असलेले लोक तेच ऑक्साइड श्वासात घेतात, मला ते पटत नाही.

कार्बन परत जमणार हे खरं आहे, सिटीतच फिरणाऱ्या गाडीत लवकर. म्हणून सर्व्हिसिंगला व्हॉल्व्ह खोलून बघायला सांगतो. आणि व्हॉल्व्हची मोटरच गेली असेल तर साफ करून काही होत नाही, नवीनच टाका.