आठ महिने, दर मंगळवारी आणि शुक्रवारी: २८ किलोमीटरसाठी नकाशाचं अ‍ॅप वापरल्यावर

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांची फिजिओथेरपी सुरू झाली, मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता. आई-बाबा उपनगरात राहतात, मी शहराच्या अगदी मध्यात. अंतर २८ किलोमीटर. त्यांना घरून घेऊन वेळेवर पोहोचवायचं तर मला ४:३५ पर्यंत त्यांच्या दारात असायला हवं. हे काम मी आठ महिने करते आहे, साठाच्या वर फेऱ्या झाल्या, आणि प्रत्येक फेरी फोनमधल्या नकाशाच्या अ‍ॅपवर आखून केली. इतक्या छोट्या प्रवासाचं कसलं नियोजन, असं मलाही वाटायचं. पहिल्याच मंगळवारी ते चुकीचं ठरलं.

त्या दिवशी ३:४० ला निघताना अ‍ॅपने ५२ मिनिटं दाखवली. म्हणजे ४:३२, अगदी वेळेत. मी पोहोचले ५:१० ला. बाबा बूट घालून, काठी मांडीवर आडवी ठेवून दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. सव्वाचारपासून बसलेत, असं आई म्हणाली. "अगं, ट्रॅफिक असणारच," एवढंच बाबा बोलले. ते सेशन गेलं. घरी परतल्यावर एक वही काढली आणि त्या दिवसापासून प्रत्येक फेरीच्या चार वेळा लिहायला लागले: घरातून निघाले कधी, गाडी रस्त्यावर आली कधी, त्यांच्या फाटकाशी थांबले कधी आणि दाराची बेल वाजवली कधी. पुढे जे लिहिते आहे ते या वहीच्या आधारावर.

त्या पहिल्या दिवसाचा हिशोब असा. दाराला कुलूप, लिफ्ट, तळघरातलं पार्किंग, बाहेर पडायची चढण, यात ६ मिनिटं. तिकडे गाडी लावायला जागा शोधणं आणि वर जाणं, यात ९. ही १५ मिनिटं अ‍ॅपच्या आकड्यात नव्हतीच, कारण अ‍ॅप फक्त चाकं फिरतात तेवढा वेळ मोजतं. उरलेला उशीर खरा रस्त्यातला: ५२ च्या जागी ७५ मिनिटं. ३०० किलोमीटरच्या प्रवासात अशी १५ मिनिटं कुठे विरून जातात ते कळतही नाही. २८ किलोमीटरमध्ये ती अ‍ॅपने दाखवलेल्या वेळेच्या पाव भागाहून जास्त होतात. त्यामुळे माझा पहिला बदल रस्त्याचा नव्हताच. अ‍ॅपच्या आकड्यात आधीच १५ मिनिटं मिळवायची आणि मग निघायची वेळ ठरवायची, एवढंच केलं. पुढे आईने तिथल्या पार्किंगच्या दोन-तीन हमखास जागा विचारून ठेवल्या आणि ९ ची ४ मिनिटं झाली.

सुरुवातीच्या त्या सहा मिनिटांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे अ‍ॅप बऱ्याच जणांना चुकीच्या दिशेला पाठवतं. तळघरात उपग्रहांचा सिग्नल पोहोचत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात, त्यांचा सिग्नल जमिनीवर येईपर्यंत फार क्षीण झालेला असतो, काँक्रीटच्या छतातून तो जात नाही. अशा वेळी फोन शेवटच्या माहीत असलेल्या जागेवर अडून बसतो. त्यात उपग्रह स्वतःची नेमकी स्थिती सांगणारी माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो. नेटवर्क असेल तर फोन ती इंटरनेटवरून पटकन मिळवतो, नसेल तर वाट बघत राहतो. बाहेर आल्यावरही उंच इमारतींच्या भिंतींवरून सिग्नल परावर्तित होऊन येतो आणि निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. मी दोनदा "यू-टर्न घ्या" ऐकून खरंच घेतला आणि दोन्ही वेळा उलट्या दिशेला गेले. आता फाटकाबाहेर कडेला गाडी उभी करते, ठिपका स्थिरावून बाण माझ्या दिशेला वळेपर्यंत थांबते, मग निघते. अर्धं मिनिट जातं. हे अर्धं मिनिट मी कधीच वाचवत नाही.

अ‍ॅपमधली सर्वांत उपयोगी सोय कोणती असं कुणी विचारलं तर मी निघण्याची किंवा पोहोचण्याची वेळ आधी घालून अंदाज बघण्याची सोय सांगेन. बहुतेक लोक ती उघडतच नाहीत. गाडीत बसल्यावर दिसतो तो आकडा प्रामुख्याने आत्ताच्या रहदारीवर बेतलेला असतो. आधी वेळ घालून बघितलं तर अ‍ॅप त्या वाराच्या, त्या वेळेच्या जुन्या नोंदी धरतं आणि एका आकड्याऐवजी पल्ला दाखवतं, उदाहरणार्थ ४५ मिनिटं ते १ तास २० मिनिटं. सुरुवातीला मी मधला आकडा धरायचे. आता थेट वरचा धरते. ज्या कामाला उशीर चालतो तिथे मधला आकडा ठीक आहे. बाबांच्या ५ च्या वेळेला तो चालत नाही.

हा पल्ला मी १५-१५ मिनिटांनी सरकवून बघितला आणि तिथे मला सगळ्यात मोठी गोष्ट सापडली. ३:१५ ला निघाले तर मी साधारण ४:२० ला बेल वाजवते. ३:४५ ला निघाले तर ५:१५ च्या आसपास. निघायला अर्धा तास उशीर, पोहोचायला जवळजवळ एक तास. हे वहीत इतक्यांदा आलं की मी त्यामागचं कारण शोधून वाचलं. चांगल्या रस्त्याच्या एका लेनमधून तासाला साधारण २,००० गाड्या जाऊ शकतात. गर्दी त्या मर्यादेजवळ गेली की एखाद्याने जरासा ब्रेक दाबला तरी मागचा थोडा जास्त दाबतो, त्याच्या मागचा आणखी जास्त, आणि काही अंतरावर गाड्या पूर्ण थांबतात. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी याचा प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या एकसारख्या वेगाने चालवायला सांगितल्या. ना सिग्नल, ना खड्डा, ना अपघात. तरी थोड्या वेळाने जाम तयार झाला आणि तो गाड्यांच्या उलट दिशेला, मागे मागे सरकत राहिला. मी साडेतीन-पावणेचारला शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागते तेव्हा तो रस्ता नेमका या मर्यादेकडे चाललेला असतो. त्या अर्ध्या तासात अ‍ॅपचा अंदाजही सर्वांत जास्त चुकतो.

वेगाने ही भरपाई होते का, तर नाही. मोकळा मोठा रस्ता माझ्या वाट्याला जेमतेम २० किलोमीटर येतो. तो ताशी ६० ने गेला तर २० मिनिटं लागतात, ८० ने गेला तर १५. पाच मिनिटांसाठी धोका पत्करायचा आणि पुढच्या सिग्नलला ती पाचही मिनिटं उभं राहून घालवायची. मी निघायची वेळ अलीकडे आणली, वेगाचा विचार सोडून दिला.

आता रस्ता निवडण्याबद्दल. अ‍ॅप मला तीन पर्याय देतं: बाहेरचा वळणरस्ता, गावातून जाणारा जुना रस्ता आणि गल्ल्यांमधून जाणारी एक वाट, जी "३ मिनिटं लवकर" म्हणून मध्येच पुढे केली जाते. पहिले दोन महिने मी ती तीन मिनिटं घेत होते. वहीत बघितलं तर ती वाट कधी ४८ मिनिटांची होती, कधी ८० ची. वळणरस्ता एरवी ५० ते ६० च्या आत. गल्लीत एक टेम्पो माल उतरवायला थांबला की सगळं संपतं, आणि वाटेत एक शाळा आहे, तिच्या सुटण्याच्या वेळी तिथून गाडी काढणं मला बरंही वाटत नाही. मुलं रस्ताभर असतात.

अ‍ॅप असं का करतं ते समजून घेतलं तर राग कमी होतो. अशा अ‍ॅपच्या मुळाशी असलेली एक पद्धत डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका कॅफेत, कागद-पेन्सिल न घेता, २० मिनिटांत मनातल्या मनात मांडली. ती छापून आली १९५९ मध्ये. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला एक किंमत द्यायची आणि बेरीज सर्वांत कमी येईल तो मार्ग निवडायचा. आजच्या अ‍ॅपमध्ये यावर पुष्कळ सुधारणा झाल्या आहेत, पण बेरजेतला एक मिनिटाचा फरकही त्याला फरकच वाटतो. एक वाट रोज भरवशाची आणि दुसरी लहरी, हे मला महत्त्वाचं आहे, बेरजेत ते दिसत नाही. म्हणून आता माझा नियम आहे: दहा मिनिटांपेक्षा कमी वाचत असतील तर रस्ता बदलायचा नाही. समोरून येणारी रांग ओलांडून, सिग्नलशिवाय वळायला लावणारा मार्ग तर दहा वाचले तरी घेत नाही.

लाल-हिरव्या रेघांचा अर्थही मी नव्याने शिकले. ती रेघ रस्त्याचा फोटो नसते, तिथल्या फोनांच्या वेगावरून ती रंगवलेली असते. २०२० मध्ये बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट नावाच्या कलाकाराने एका हातगाडीत ९९ फोन घालून ती रिकाम्या रस्त्यावरून सावकाश ओढत नेली आणि नकाशावर तो रस्ता लाल झाला. माझ्या वाट्याला याची उलट बाजू येते. उपनगरात शिरल्यावरचे शेवटचे चार किलोमीटर कमी वर्दळीचे आहेत, तिथे फोन थोडे, म्हणून रेघ बहुतेक वेळा स्वच्छ दिसते. पण तिथे रेल्वे फाटक आहे. ते बंद असलं की सात-आठ मिनिटं गेलीच, आणि अ‍ॅपला त्याचा पत्ता बऱ्याचदा गाड्यांची रांग लागल्यावर लागतो. त्या शेवटच्या टप्प्यात मी अ‍ॅपपेक्षा आईवर जास्त विश्वास ठेवते. निघताना फोन करते, ती गच्चीतून बघून सांगते.

एक चूक महागात पडली. मोठ्या चौकात उड्डाणपूल आहे आणि त्याच्या खालून तसाच रस्ता जातो. नकाशावर दोन्ही एकावर एक. मी खाली होते, अ‍ॅपने मला वर धरलं आणि "सरळ जा" म्हणत राहिलं. परत योग्य रस्त्याला लागायला १८ मिनिटं गेली. मोकळ्या आकाशाखाली फोनची जीपीएस अचूकता साधारण ५ मीटर असते, पण उंचीच्या बाबतीत ती आणखी कच्ची, त्यामुळे पुलावर की पुलाखाली हे त्याला खात्रीने कळत नाही. तेव्हापासून घरीच, निघण्याआधी, सगळा मार्ग बोटाने मोठा करून एकदा बघते आणि तीन गोष्टी पाठ करते: पूल चढायचा की नाही, वळणरस्ता सोडायचा फाटा कोणता, आणि त्या फाट्याआधी कोणत्या लेनमध्ये असायचं. बाकी आवाजी सूचनांवर सोडते. चालवताना स्क्रीनला हात लावत नाही. काही बदलायचं झालंच तर कडेला थांबते.

पिनचंही तसंच. पत्ता टाकल्यावर अ‍ॅप आई-बाबांच्या इमारतीच्या मागच्या फाटकाशी नेतं, जे कायम बंद असतं. मी पुढच्या फाटकावर बोट दाबून स्वतःची पिन टाकली आणि "आई" नावाने जतन केली. दोन मिनिटांचं काम, पण करायला मला तीन आठवडे लागले. अ‍ॅपमध्ये चूक कळवण्याची सोय आहे, मी दोनदा कळवली, अजून दुरुस्ती झालेली नाही.

पावसात सगळे आकडे कोलमडतात. वाराच्या जुन्या नोंदींना आजचा पाऊस माहीत नसतो, सुट्टीच्या आदल्या दिवसाची गर्दीही नसते. शुक्रवार पुढे सुट्टी घेऊन आला की मी वरच्या आकड्यात आणखी २० मिनिटं मिळवते. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवते, नेटवर्क गेलं तर रस्ता तरी दिसतो, ताजी रहदारी मात्र दिसत नाही. फोन उन्हात काचेमागे ठेवला की तापून स्क्रीन मंद होते, म्हणून स्टँड एसीच्या जाळीवर लावला.

एवढं करून गेल्या पाच महिन्यांत बाबांचं एकच सेशन चुकलं, तेही पुलाखालच्या त्या दिवशी. आता मी ३:१५ ला निघते, बहुतेक वेळा पंधरा मिनिटं हातात उरतात, आई चहा टाकते आणि बाबा तेवढ्यात जिना दोनदा उतरून-चढून दाखवतात.

परतीची वेळ ८ नंतरची. तेव्हा नियोजन लागत नाही, रस्ता मोकळा असतो, ४० मिनिटांत घरी. फक्त निघताना अ‍ॅपमधून प्रवास आईच्या फोनवर शेअर करते. तिला माझा ठिपका सरकताना दिसतो, त्यामुळे गाडी चालवत असताना ती फोन करत नाही. तळघरात शिरले की ठिपका थांबतो, आणि मी लिफ्टमधून बाहेर येईपर्यंत तिचा मेसेज आलेला असतो: "पोहोचलीस. जेवून घे."